नक्षी होती, पण टायर संपला होता

गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ च्या जूनमधली गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही कोल्हापुरातनं वैभववाडीला, माझ्या सासुरवाडीला निघालो होतो. मी, बायको, पोरगी आणि मागं आई-आण्णा. फुलेवाडीच्या पुढं हवा चेक करायला थांबलो, कारण पुढं बालिंग्याचा पूल, कळे, साळवण करत गगनबावडा आणि मग घाट, आणि पाऊस लागलेला. हवा भरणारं पोरगं डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी बसलं ते उठंचना. मग म्हणालं, "दादा, जरा उतरून बघा की. टायरला फुगा आलाय."

उतरून बघितलं. टायरच्या बगलेला, जिथं कंपनीचं नाव असतं त्याच्या जरा खाली, अर्धं लिंबू उपडं चिकटवल्यासारखा उंचवटा. हात फिरवला तर बाकीच्या रबरावरच्या बारीक रेघा बोटाला लागत होत्या आणि तेवढ्याच जागी रबर ताणून गुळगुळीत झालेलं. मला आठवलं, पंधरा-वीस दिवस आधी वळवाच्या पावसात पाण्याखालचा एक खड्डा दिसला नव्हता आणि डावं चाक धाडकन आदळलं होतं. तेव्हा उतरून बघितलं होतं, पण रात्र होती, डिस्क, म्हणजे टायर जिच्यावर बसतो ती चकती, वाकली नाही एवढं बघून पुढं गेलो. आणि नंतर बघायचा प्रश्नच आला नाही कारण घरी गाडी लावतो ती डावी बाजू भिंतीला लावून, मी चढतो-उतरतो उजवीकडनं, त्यामुळं डावी दोन्ही चाकं मी महिना महिना बघतच नव्हतो हे मला त्या दिवशी कळलं.

आण्णा खाली उतरले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "नक्षी तर हाय की अजून. जाऊन येऊ, मग बघू." त्यांचं चूक नाही, आपल्याकडं टायर म्हणजे वरच्या खाचांची नक्षी असंच सगळे धरून चालतात, ती झिजून गोटा झाला की बदलायचा. पण फुग्याचं गणित वेगळं आहे. टायरच्या बगलेत पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा एखाद-दुसराच थर असतो, स्टीलच्या तारांचे पट्टे असतात ते वर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली. खड्ड्याच्या काठावर चाक आदळलं की बगल डिस्क आणि खड्ड्याची कड यांच्यात चेंगरते आणि आतले दोरे तुटतात. वरनं काहीच दिसत नाही, फक्त तेवढ्या जागी हवेला धरून ठेवायला आता दोरा नसतो, नुसतं रबर असतं, म्हणून ते बाहेर येतं. ह्याला पंक्चरसारखा इलाज नाही. पॅच लावून, आतनं काही चिकटवून दोरे परत जोडता येत नाहीत. तो टायर ऐंशीच्या स्पीडला फुटू शकतो, घाटात वळणावर फुटू शकतो, नाहीतर दोन महिने चालेल, कधी ते कोणी सांगू शकत नाही. गाडीत पाच माणसं घेऊन मी तो जुगार खेळणार नव्हतो. बायकोनं माहेरी फोन केला, येत नाही म्हणून सांगितलं. आई जरा हिरमुसली. मी स्टेपनी काढली.

स्टेपनीत हवा किती होती? सोळा. तेहतीसच्या जागी सोळा पीएसआय. बरं झालं हवेच्या दुकानातच उभे होतो. डिकीतली स्टेपनी कधी कोणी बघत नाही, चारी चाकांची हवा भरतो आणि ती तशीच पडून राहते.

चाक बदलताना मी आता कितीही घाई असली तरी एकाच क्रमानं करतो, आणि त्याला कारण आहे २०२३ च्या जानेवारीतली एक रात्र. असळजच्या अलीकडं पंक्चर झालं होतं, रात्रीचे साडेनऊ, उसाचा हंगाम जोरात, एकामागनं एक ट्रॅक्टर-ट्रॉल्या चाललेल्या आणि त्यातल्या निम्म्यांना मागं लाल दिवा सुद्धा नाही. गाडी बाजूला घेतली, त्रिकोण मागं लांब नेऊन ठेवला, पाना लावला आणि नट हलेना. पान्यावर उभा राहिलो तरी हलेना. आधी एका दुकानात चाकं पुढची मागं, मागची पुढं अशी फिरवून घेतली होती तिथं एअर गननं नट असे आवळले होते की गाडीबरोबर मिळालेल्या त्या एवढ्याशा पान्यानं ते सुटणं शक्यच नव्हतं. पाऊण तास आम्ही तिथं उभे होतो, पोरगी तेव्हा चार वर्षांची, गाडीत झोपलेली, म्हणजे तिला आधी उचलून बाहेर रस्त्यापासनं लांब नेऊन बसवली. शेवटी एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं सीटखालनं दोन-अडीच फुटाचा लोखंडी पाईप काढला, माझ्या पान्याच्या दांड्यावर चढवला आणि एका दाबात नट कुईं करून सुटला. दांडा लांब झाला की तेवढ्याच ताकदीत जोर कितीतरी वाढतो. त्याचं नाव सुद्धा विचारायचं राहिलं. तेव्हापासनं तसला पाईप माझ्या डिकीत असतो.

तर क्रम असा. जागा सपाट आणि घट्ट पाहिजे, जूनमध्ये रस्त्याच्या कडेची माती जॅक गिळते, म्हणून मी लाकडी फळीचा एक तुकडा पण ठेवलाय. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि जे चाक काढायचंय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड. मग चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे, ही गोष्ट बरेच जण उलटी करतात, आधी गाडी उचलतात आणि मग पान्याला झटके देतात, त्यात गाडी जॅकवरनं घसरू शकते. नट सैल झाले की मगच जॅक, तो पण चाकाजवळ खालच्या पट्टीला जिथं खाच दिलेली असते तिथंच, कुठंही नाही. काढलेलं चाक मी गाडीखाली आडवं सरकवतो, जॅक सुटलाच तर गाडी त्यावर बसते. आणि जॅकवर गाडी असताना हात-पाय, डोकं, काहीही खाली घालायचं नाही. नवीन चाकाचे नट आधी हातानं फिरवायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, गोल गोल एका पाठोपाठ एक नाही, नाहीतर चाक तिरकं बसतं. शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर. त्या सकाळी हे सगळं वीस मिनिटात झालं, ते पोरगं हातभार लावायला होतंच. पैसे घेईना, बळंच खिशात घातले.

घरी आल्यावर मी चारी टायर नीट बघायला बसलो, आणि खरं तर हे लिहायचं कारण तेच आहे, फुगा नाही. टायरच्या बगलेवर डॉट (DOT) असं लिहून पुढं अक्षरांची-आकड्यांची ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. माझ्या टायरवर २२१८ होतं. म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. सात वर्षं! दोन चाकांवर हे आकडे बाहेरच्या बाजूला नव्हतेच, खाली झोपून टॉर्च मारून आतल्या बाजूला बघावे लागले, कारण पूर्ण आकडे पुष्कळदा एकाच बाजूला छापलेले असतात.

गाडी फिरली होती फक्त एकतीस हजार. आमची गाडी रोज चालत नाही, मी कामाला टू व्हीलरवर जातो, गाडी लग्नकार्याला, जोतिबाला, पन्हाळ्याला, सासुरवाडीला. त्यामुळं नक्षी भरपूर होती. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय नाहीतर छोटा त्रिकोण असतो त्याच्या सरळ रेषेत बघितलं की दिसतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानं तिथं टायर संपला. माझ्यात अजून चारेक मिलिमीटर होती. पण बगलेवर आणि खाचांच्या तळात केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या. अंगठ्यानं रबर दाबलं की भेगा उघडायच्या, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखल कसा तडकतो तसं.

मला वाटायचं गाडी कमी चालली की टायर जास्त वर्षं टिकणार. ते झिजण्याच्या बाबतीत खरं, वयाच्या बाबतीत उलटं. रबरात कंपनी मेणासारखं एक द्रव्य घालते, चाक फिरताना रबर दबतं-सुटतं तसं ते आतनं वर येत राहतं आणि हवेतल्या ओझोनपासनं रबराला राखतं. गाडी उभीच राहिली तर ते तेवढं वर येत नाही, वरनं ऊन, आणि रबर वाळत जातं, कडक होतं. कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, नक्षी कितीही असू दे. टायर कंपन्या साधारण असं सांगतात की पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी जाणत्या माणसाकडनं तपासून घ्या आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या पुढं वापरूच नका, काही गाडी कंपन्या सहा वर्षंच म्हणतात. आणि माझ्या टायरला तर भेगा दिसतच होत्या. आण्णांना टॉर्च मारून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, दोनदा अंगठ्यानं दाबून बघितलं, आणि म्हणाले, "बदल."

सोमवारी पहिल्या दुकानात गेलो, एसी बिसी असलेलं मोठं दुकान. साईज १८५/६५ आर १५ ८८ एच. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बगलेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, डिस्क १५ इंची, ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा. शेवटचं ८८ आणि एच कोणी बघत नाही पण त्याच्या खालचं काही घ्यायचं नाही. तिथल्या माणसानं चार टायर आणून ठेवले, पॉलिश केल्यासारखे काळेभोर. मी आकडे बघितले तर दोनांवर साल २०२२. म्हटलं हे तीन वर्षांचे झाले की. तो म्हणाला, "साहेब, गोडाऊनमध्ये होते, वापरलेले नाहीत, नवीनच धरायचे." सावलीत नीट ठेवलेला टायर लगेच खराब होत नाही हे मला मान्य आहे, पण मग रेट पण तसा पाहिजे की, तोच रेट देऊन मी तीन वर्षं आधीच गेलेला टायर का घेऊ. शिवाय नायट्रोजन भराच म्हणून मागं लागला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजननं हवा जरा सावकाश उतरते, नुकसान काही नाही, पण तो भरला म्हणून हवा बघायचं चुकत नाही. तिथनं निघालो.

दुसरं दुकान गोकुळ शिरगावच्या बाजूला, हायवेला लागून, पत्र्याची शेड, पण आत मशीन नवीन. तिथले चाचा साठीच्या पुढचे. टायर चालू सालचे निघाले, २०२५ च्या नवव्या आठवड्यातले. एकाचे पाच हजार दोनशे. (तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासनं तो १८ झालाय, त्यामुळं आता घेणाऱ्याला जरा बरं.) चाचांना मी आधी विचारलं की पैशाची ओढाताण असेल तर दोन आता, दोन दिवाळीला केले तर. आण्णा बरोबर होते, ते म्हणाले मग नवीन पुढं टाका, इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं. मला पण तेच वाटत होतं. चाचा म्हणाले, "न्हाई आण्णा. दोनच घेणार असला तर नवीन मागं."

त्यांनी टेबलावरच्या पेटीनं दाखवलं. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, स्टेअरिंग हलकं लागतं, म्हणजे तुमास्नी कळतं, पाय काढला की गाडी परत धरते. मागची चाकं घसरली तर कळायच्या आत गाडीचा पार्श्वभाग बाहेर येतो, पेटी गर्रकन फिरवली त्यांनी, आणि मग ती सावरणं आपल्यासारख्याचं काम नाही. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी गाडी असो, मागच्या असो, चांगली पकड मागं पाहिजे. टायर कंपन्यांचा पण सल्ला हाच आहे, तरी नव्वद टक्के गिऱ्हाईक ऐकत नाही म्हणाले. आण्णांनी पेटी हातात घेऊन स्वतः एकदा फिरवून बघितली. शेवटी आम्ही चारी घेतले, कारण चारी एकाच वयाचे होते.

फुगा आलेला टायर डिस्कवरनं काढल्यावर चाचांनी मला आत बोलावलं. तो टायर उलगडून आतनं बोट फिरवायला लावलं. फुग्याच्या मागं आतल्या बाजूला एक उभी दुमड होती, नखाएवढी रुंद, आणि दाबलं की तिथं आत दोन बाजूला दोऱ्यांची तोंडं लागत होती, मध्ये पोकळ. दोन बोटांचं अंतर. तेवढ्यावर सगळी हवा आणि आमची पाच माणसं होती. मी काहीच बोललो नाही बराच वेळ.

मग बसवायचं काम. डिस्कची कड तारेच्या ब्रशनं घासून घेतली, तिथं गंज नाहीतर जुनं रबर राहिलं की हवा झिरपते. व्हॉल्व्ह चारी नवीन घातले, हे मी मुद्दाम सांगतो कारण बऱ्याच ठिकाणी पन्नास-साठ रुपयांसाठी जुनाच ठेवतात, आणि तो पण रबराचाच, तो पण सात वर्षांचा. साबणाचं पाणी लावून टायर चढवला आणि हवा भरताना दोनदा फाट्, फाट् असा आवाज आला, म्हणजे दोन्ही कडा डिस्कवर बसल्या. चाचा तेवढ्या वेळ माझ्या पोटावर हात ठेवून मला मागं सारून उभे होते, "हवा भरताना टायरवर वाकायचं न्हाई कधी." मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडनं सारखं करणं, एका चाकाला मशीननं ३५ ग्रॅम दाखवलं, वजनाची पट्टी चिकटवून परत फिरवलं आणि शून्य आलं. हे केलं नाही तर ऐंशी-शंभरला स्टेअरिंग थरथरतं. आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन नीट करणं, कारण खड्ड्याचा दणका बसलेला होता. पुढच्या डाव्या जुन्या टायरची आतली कड बाकीच्यापेक्षा जास्त झिजली होती, ती खूण अलाइनमेंटचीच. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी असते, मधलाच भाग झिजला तर हवा जास्त असते, टायर स्वतःच सगळं सांगतो, फक्त वाकून बघायला पाहिजे.

नट आवळायला चाचांच्या पोरानं एअर गन उचलली तेव्हा मी थांबवलं. गननं फक्त टेकव म्हटलं, शेवटचं हातानं. उद्यमनगरात मशीनशॉप असलेला माझा मित्र टॉर्क पाना घेऊन मुद्दाम आला होता, गाडीच्या पुस्तिकेत नट आवळायचा जोर ८५ न्यूटन मीटर दिलाय, त्यानं पाना तेवढ्यावर लावला आणि प्रत्येक नटला टक्क झालं की थांबला. गननं आवळलेल्यापेक्षा बरेच कमी वाटतात हाताला, पण तेवढेच पाहिजेत, जास्त आवळले की आटे जातात आणि रस्त्यात सुटत नाहीत. शंभरेक किलोमीटर झाल्यावर परत एकदा बघून घेतले, एक नट किंचित फिरला.

हवा ३३, दाराच्या खांबावर स्टिकर आहे त्याप्रमाणं. टायरवर ५१ लिहिलंय ते जास्तीत जास्त किती सोसेल त्याचं आहे, ते भरायचं नसतं. आणि हवा टायर थंड असताना बघायची, चालवून गरम झाल्यावर तीन-चार जास्तच दाखवते, तेव्हा काढून टाकली की सकाळी कमी पडते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा दमानं चालवायचं असं चाचा म्हणाले, नवीन टायर साच्यातनं निघतात तेव्हा वर गुळगुळीतपणा असतो.

जुने टायर तिथंच सोडायचे ठरले. निघताना मी चाचांना म्हटलं, हा फुग्याचा माझ्यासमोर कापा. सेकंड हँडमध्ये पॉलिश मारून कुणीतरी गरीब माणसाच्या गाडीला घालतात, मी बघितलंय. त्यांनी एक शब्द न बोलता ग्राइंडर घेतला आणि बगल आरपार चिरली. मग माझ्याकडं बघितलं, आणि उरलेले तीन पण चिरले.

पुढच्या रविवारी आम्ही वैभववाडीला जाऊन आलो. गगनबावड्याला धुकं एवढं की पुढची दहा फूट दिसत नव्हती, चाळीसच्या वर गेलोच नाही. चहाला थांबलो तेव्हा आण्णा छत्री घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला गेले, दोन्ही टायरच्या बगलेवरनं हात फिरवला आणि आत येऊन बसले.

त्यांची एक डायरी आहे, दुधाचं बिल, लाईट बिल, एलआयसीचा हप्ता, सगळं त्यात. आता दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी ते माझ्याकडनं गेज घेतात. जुलैच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: चारी ३३, स्टेपनी ३५, डावी बाजू बघितली.